पंखा थांबतानाचा आवाज

ऑक्टोबर आला की आमच्या नांदेडच्या घरात आधी धूळ येते आणि तिच्यामागून ऊन. पाऊस नुकताच आवरलेला असतो, शहराबाहेर सोयाबीनची मळणी लागलेली असते, आणि त्या भुशाची पिवळट, अंगाला खाज आणणारी धूळ वाऱ्यावर थेट खिडकीच्या जाळीपर्यंत पोचते. धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर खोळंबलेले असतात. मी शाळेत भूगोल शिकवायची तेव्हा सहामाहीच्या उत्तरपत्रिका याच दिवसांत तपासायची. घामेजलेल्या बोटांना कागद चिकटायचे आणि प्रत्येक कागदावर तेच वाक्य असायचं: परतीच्या मान्सूनच्या काळात आकाश निरभ्र होते व तापमान वाढते. बरोबर आहे म्हणून गुण देत जायची.

आता निवृत्त झाले. उत्तरपत्रिका नाहीत. पण दुपारी पंखा लावून आडवं झालं आणि लांबून मळणीयंत्राची घरघर कानावर आली, की मला एक ऑक्टोबर आठवतो आणि मी उठून बसते. राग म्हणावा तर तो राग नाही. आपण ज्याला दार उघडलं त्यानंच घरातलं काहीतरी उचलून नेलं, आणि वर आपल्यालाच म्हणाला की ते कधी नव्हतंच, असं झाल्यावर मनाचं जे होतं, ते.

सुधाकर माझा नवरा. मी त्याला नावानं हाक मारायची, त्यावरून धर्माबादला सासरी पहिली काही वर्षं बरंच ऐकून घ्यावं लागलं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, पण त्याचा जीव गाण्यात. गाणं यायचं नाही, ऐकायचं वेड. आमच्या पुढच्या खोलीत सोफा आला नाही, कारण सोफ्याच्या जागी स्पीकर होते. पाहुणे आले की मी सतरंजी अंथरायची.

त्या सगळ्या यंत्रांत एक चपटी काळी पेटी होती, मिसळणाच्या डब्याहून जरा मोठी. तिला तो प्रीॲम्प म्हणायचा. ना तिच्यात दिवे, ना काटे. एक मोठं बटण आवाजाचं आणि एक छोटं, कॅसेट लावायची की रेकॉर्ड ते निवडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर स्पीकरवर जायची, त्या पेटीकडं कुणी बघायचंही नाही. मीही नाही बघितलं आधी. लग्नानंतर कधीतरी विचारलं, "एवढे मोठे स्पीकर आहेत, तो वजनदार ॲम्प्लिफायर आहे, मग ही मधली कशाला?"

तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, हातात सोल्डरिंगची बंदूक. म्हणाला, "नलू, कॅसेटमधून येतं ते लई बारीक असतं. हा मोठा गडी त्याला मोठं करतो, पण त्याला अक्कल नाही. जे हातात दिलं तेच मोठं करणार. खरखर दिली तर खरखर मोठी. आणि जे मधेच हरवलं, ते कुणालाच मोठं करता येत नाही."

ती पेटी त्यानं स्वतः बनवली होती. म्हणजे, दोघांनी. विलास त्याचा मित्र, लातूरचा, वीज मंडळात इंजिनिअर. दोन उन्हाळे तो सुट्टी काढून आमच्याकडं येऊन राहिला. हैदराबादहून सुटे भाग आणले. एकाच नकाशावरून दोघांनी दोन पेट्या केल्या, एक नांदेडला, एक लातूरला. मी त्यांना ताकाचे तांबे पुरवत होते. फरक एवढाच की विलासनं त्याची पेटी जोडली आणि नेली. सुधाकर मात्र पुढं कित्येक महिने एकेक भाग काढून दुसरा लावायचा, डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा काढायचा. दोन्ही बाजूंचे भाग अगदी जुळे मिळेपर्यंत त्याला चैन नव्हतं. मला वाटायचं, काय हा हट्ट! आणि मग एके दिवशी दुपारी मी भाकरीचं पीठ मळता मळता थांबले. बाहेरच्या खोलीत कुणीतरी माणूस आहे असं वाटलं. कुणी नव्हतं. कॅसेट लागली होती.

विलासला त्याच्या पेटीत तसं कधी ऐकू आलं नाही. तो म्हणायचा, "एकच नकाशा, एकच माल, मग तुझंच कसं बोलतंय रे?" सुधाकर नुसता हसायचा.

असाच एक ऑक्टोबर होता, बराच जुना. उदगीरच्या एक गायिका आमच्याकडं उतरल्या होत्या, आणि सुधाकरनं दुपारी घरातच बैठक ठेवली. भीमपलास. दहा-बाराजण सतरंजीवर, खिडक्या बंद, कारण रस्त्यावरचा आवाज यायला नको. कॅसेटवर घ्यायचं होतं ना! तानपुरा जुळला आणि सुधाकर हळूच म्हणाला, "नलू, पंखा बंद कर." मी उठले, बटण दाबलं. आमचा छताचा पंखा जुना, थांबायला वेळ घ्यायचा. त्याचं ते टक, टक, मग लांबलेलं टक, मग काहीच नाही. आणि त्या काहीच नाहीमध्ये बाईंनी श्वास घेतला आणि षड्ज लावला. सगळे घामानं निथळत होते, पण कुणी हललं नाही.

हे सगळं त्या कॅसेटवर आहे. त्याचा आवाज, माझ्या बांगड्या, पंख्याचं थांबणं. गाण्याआधीचा एवढासा तुकडा.

सुधाकर गेला तो माघात. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि गेला. त्याचा फोटो मी लगेच भिंतीवर लावला नाही. फोटोत तो कधीच त्याच्यासारखा दिसला नाही. मी ती कॅसेट लावायची. रोज नाही. दुपारी कामं आवरली की, आणि तेवढा तुकडा ऐकून बंद करायची. तो म्हणायचा, "नलू, पंखा बंद कर," आणि खरं सांगते, पहिल्या वेळी मी उठले होते. बटणापर्यंत गेले होते.

शेजारच्या शाहेदा आपा कधीकधी येऊन बसायच्या. त्यांचं घराणं बांगड्यांच्या धंद्यातलं, आमची ओळख मी नवी नवरी होते तेव्हाची. त्यांना गाण्यातलं काही नको असायचं. तो तुकडा झाला की म्हणायच्या, "बस, सुधाकरभाई आए थे," आणि घरी जायच्या.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात डाव्या स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली. दसऱ्याला विलास सोनं द्यायला आले. सुधाकरपेक्षा लहान, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून वाकले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गुणगुणीचं सांगितलं, गाण्याआधीचा तेवढा तुकडाच ऐकते हेही सांगितलं. त्यांनी कान लावून ऐकलं, पेटीवर हात ठेवला.

"वहिनी, आतलं एखादं कपॅसिटर म्हातारं झालंय. मी नेतो लातूरला, दिवाळीच्या आत आणून देतो. हे दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाई बघा. सुधाकरचं हाय."

मी स्वतः ती पेटी जुन्या चादरीत गुंडाळून दिली. गाडीत मागच्या सीटवर ठेवली तेव्हा म्हणाले, "पुढं घेतो, धक्के बसतेत." मला किती बरं वाटलं त्या वेळी. वाटलं, माणूस गेला तरी त्यानं जोडलेली माणसं आहेत.

दिवाळीआधी पेटी आली. त्यांनीच जोडून दिली, चिवडा खाल्ला, आणि गेले. गुणगुण गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅसेट लावली.

तानपुरा आला. "नलू, पंखा बंद कर," हेही आलं, पण भिंतीपलीकडून बोलल्यासारखं. बांगड्या नव्हत्या. पंखा नव्हता. म्हणजे होता, एका सपाट, कोरड्या सरसरीखाली काहीतरी चाललंय एवढं कळायचं. बाई गायल्या, सूर बरोबर होते, शब्द स्पष्ट होते. पण श्वास नव्हता. मी कॅसेट मागं घेतली. पुन्हा. पुन्हा. आवाज वाढवला तर सरसरच वाढली.

विलासना फोन केला. म्हणाले, कॅसेट जुनी झाली असेल, डेकचं हेड पुसा. मी स्पिरिट आणून पुसलं. काही फरक नाही. मग म्हणाले वायर बदला. बदलली. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा ते अगदी मायेनं म्हणाले, "वहिनी, रागावू नका. हा मनाचा खेळ हाय. सुधाकर होता तवा तुम्ही त्याच्यासंगं ऐकत होताव. आता तो न्हाई, तर आवाज तसा कुठून येईल? मशीन तेच हाय. माणूस गेलाय."

मी फोन ठेवला आणि ते खरं मानलं.

आज लिहिताना मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, की मी ते खरं मानलं. मी कानाच्या डॉक्टरकडं गेले. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आणि म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. म्हणजे कान ठीक होते. मग उरलं काय? मी. माझी आठवण. मला वाटायला लागलं, तो पंखा कॅसेटवर कधी नव्हताच. मीच तो माझ्या मनानं घातला असेल. बांगड्याही. मग असं आणखी काय काय मी मनानं घातलंय? तीस वर्षांच्या संसारातलं किती खरं होतं? दिवाळी अशी गेली. मुलगी पुण्याहून आली होती, तिला वाटलं आई अजून बाबांच्या दुःखात आहे. होतेच मी. पण या वेळी तो दुसऱ्यांदा जात होता, आणि या वेळी मी त्याला हातानं धरूनही ठेवू शकत नव्हते.

फक्त आपा एकदा ऐकून उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "बाई, आवाज तो साफ है. पर सुधाकरभाई नैं हैं इसमें."

"आपा, तो गेलाच आहे ना," मी म्हणाले.

"वो तो माघ में गए. मैं अब की बोल रही हूँ."

तुळशीची लग्नं चालू होती तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न लातूरला निघालं. सकाळच्या एसटीनं गेले. लोह्याच्या पुढं रस्त्याकडेला तुरी पिवळ्याधमक फुललेल्या होत्या. लग्न औसा रोडच्या एका कार्यालयात होतं. अक्षता पडल्यावर मी जेवायला न थांबता विलासकडं गेले. कळवलं नव्हतं. त्यांची बायको मंगल, तिला मी न भेटता गेलेलं चालत नाही. दारातच तिनं माझे दोन्ही हात धरले.

"अक्का! आधी सांगायचं न्हाई व्हय! हे गंजगोलाईच्या बाजाराला गेलेत, येतील आता. बसा. चहा टाकते. आन थांबा, तवर तुम्हाला गाणं लावून देते. मला बी येतंय आता लावायला."

तिच्या पुढच्या खोलीतही स्पीकर होते, विलासची तशीच काळी पेटी होती. तिनं कपाटातून कॅसेट काढली. सुधाकरनं त्या बैठकीच्या प्रती जवळच्यांना दिल्या होत्या. मंगलनं तीच लावली, माझ्यासाठी म्हणून, प्रेमानं, आणि आत गेली.

तानपुरा. मग माझ्या कानाशी, हातभर अंतरावर: "नलू, पंखा बंद कर."

माझ्या बांगड्या वाजल्या. टक. टक. लांबलेलं टक. मग काहीच नाही. मग बाईंनी श्वास घेतला.

मी उठून उभी राहिले होते. मूळ कॅसेट माझ्याकडं, इथं तिची प्रत. प्रत मुळापेक्षा चांगली कशी वाजेल? मंगल चहा घेऊन आली.

"मंगल, ही पेटी नवी घेतली का?"

"न्हाई ओ. पेटी तीच हाय. आतलं तेवढं बदललं, दिवाळीच्या आधी. आतलं तुमचंच की!" ती हसली. "तुम्हीच दिलाव ना सुधाकरभावजींची आठवण म्हणून? हे म्हनले, वहिनी म्हनल्या, मला काय करायचंय, तुम्हाला कळतंय तर तुम्ही ठेवा. मी लई रडले अक्का त्या दिवशी. म्हनलं, केवढं मोठं मन हाय."

मी चहाचा कप हातात धरून ठेवला. मंगल माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"अक्का, तुम्ही दिलाव ना?"

तेवढ्यात विलास आले. हातात ऊस आणि आवळे होते, तुळशीच्या लग्नासाठी. मला पाहून आनंदले, मग कॅसेट ऐकू आली. त्यांनी ऊस भिंतीला टेकवला. तो दोनदा घसरला.

"भावजी, हे माझं आहे," मी म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत. खुर्चीवर बसले. "वहिनी, खरं बोलू का? दोन उन्हाळे मी बी हात भाजून घेतलेत त्यात. माझं कधी तसं बोललं न्हाई. आयुष्यभर ऐकायलो, एकदा बी न्हाई. आन तुमच्याकडं ते वाया जायलं होतं. सुधाकर होता तवर ठीक. तुम्ही एक कॅसेट लावणार, ते बी गाणं सुरू व्हायच्या आधी बंद करणार. तेवढ्याला कोणतं बी मशीन चालतंय. माझं काय वाईट हाय का? माझंच घातलंय तुमच्या पेटीत, बाजारातलं न्हाई घातलं."

"मागितलं का नाही?"

"दिलं असतं का?"

मी विचार केला. खरंच केला. "माहीत नाही," मी म्हणाले. "पण मी फोन केले तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी वायरी बदलल्या. कान तपासून आले. तुम्ही म्हणालात, मनाचा खेळ आहे."

"मग काय म्हणायचं होतं मी?" ते एकदम ओरडले, आणि ओरडून झाल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मंगल मधे उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. कॅसेट बंद केली, भिंतीतला प्लग काढला, वायरी एकेक करून सोडवल्या. पेटी उचलून पलंगावर ठेवली आणि धुतलेल्या चादरीत गुंडाळायला लागली.

"मंगल, अगं आज न्हाई, मी नीट बदलून आणून देतो पुढच्या..." विलास म्हणाले.

"अशीच जाईल," ती म्हणाली. "पेटीसकट."

ती माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली. रिक्षात आम्ही दोघी, मधे ते गाठोडं. नांदेडची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी बसले, पेटी मांडीवर. खालून मंगल म्हणाली, "अक्का, मला बी फसवलं ओ," आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीची सळई धरून राहिली. अहमदपूरला बस बराच वेळ थांबली. शेजारच्या बाईनं विचारलं, "देव हाय का आत?" मी म्हणाले, "नाही, यंत्र आहे." ती जराशी सरकून बसली.

त्यांची पेटी, म्हणजे माझी पेटी त्यांच्या आतड्यांसकट, मी माळ्यावर ठेवली. केव्हाही घेऊन जा असा निरोप मंगलपाशी दिला होता. कुणी आलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायलाही नाही. मंगलचा संक्रांतीला फोन येतो, आम्ही तब्येतीचं बोलतो.

पेटी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपांना बोलावलं. मी बटण फिरवलं, त्या बसून राहिल्या. पंखा थांबला. आपांनी पदर डोळ्यांना लावला. "आ गए," म्हणाल्या आणि नेहमीसारख्या घरी गेल्या.

मी त्या दिवशी कॅसेट बंद केली नाही. विलास म्हणाले होते ना, गाणं सुरू व्हायच्या आधी बंद करता. मनाला लागलं होतं ते. म्हटलं, बघू, ऐकते सगळं. भीमपलास चढत गेला, उतरला. शेवटची तिहाई झाली, लोक वा वा म्हणाले, कुणीतरी खिडकी उघडली, रस्त्यावरच्या सायकलची घंटीसुद्धा ऐकू आली. मग अगदी माइकजवळ, विलासचा आवाज. तरुण, घामेजलेला, खूश.

"सुधाकर, मर्दा, हे ऐकायला तू आन मी म्हातारे होईस्तोवर बसू."

आणि सुधाकर हसला. असा हसला की मी कितीतरी वर्षांत तसा ऐकला नव्हता. माझ्याशी तो तसा कधी हसलाही नसेल. मोकळा, पोटातून, शेवटी ठसका लागेपर्यंत. कॅसेट तिथं संपते.

मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, आई, कॉम्प्युटरवर घेऊन तेवढं वाक्य कापून टाकते, कळणारही नाही. मी तिला बसवून ऐकवलं. त्याचं हसणं विलासच्या बोलण्यावरच सुरू होतं, दोन्ही आवाज एकमेकांत शिरलेले आहेत. एक काढला तर दुसरा अर्धा जातो. तिनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "नाही जमणार गं."

म्हणून आता मी पूर्ण ऐकते. शेवटी विलास बोलतात तेव्हा माझा हात बटणाकडं जातो. हात मी तिथंच ठेवते. पेटी चांगली आहे, ती काहीच लपवत नाही. विलास किती मनापासून बोलले होते, तेही नाही.